एक काढून पाहा

६,५०,००० ठोकळे, २२ रंग, सुमारे १५ मीटर लांबी. चिनी कलावंत आय वेईवेईनं मोनेचं कमळतळं लेगोच्या ठोकळ्यांत रचलं, २०२३ साली ते लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये लागलं, २०२५ मध्ये सिअ‍ॅटलला गेलं, आणि त्याच्याबद्दल जे जे छापून आलं त्यातलं बरंचसं या आकड्यांपासून सुरू झालं. काहींचं तिथंच संपलंही. चित्रात उजवीकडे, पाण्यात, एक काळी चौकट आहे. कवी आय छिंग आणि त्यांचा लहानगा मुलगा, म्हणजे आय वेईवेई, साठच्या दशकात शिंच्यांगमध्ये हद्दपारीत असताना जमिनीखालच्या ज्या खोपटात राहिले, त्याचं ते दार. या चित्रात थांबून बघावी अशी हीच एक जागा आहे. पण तिथवर पोहोचायला आधी साडेसहा लाखांचा दरारा ओलांडावा लागतो, आणि लिहिणारे बहुतेक जण अलीकडेच दिपून थांबतात.

हे आता असह्य झालं आहे. गेली वीस वर्षं समकालीन चिनी कला जगापुढे येते ती मोजून येते. १,००१ खुर्च्या, ९९ लांडगे, ९,००० दप्तरं, १० कोटी बिया. संख्या सांगितली की समीक्षा झाली, असा एक आळशी करार संग्रहालयं, गॅलऱ्या आणि वृत्तपत्रं यांच्यात झालेला दिसतो. या करारात सगळ्यात मोठं नुकसान झालं ते त्या मूठभर कलावंतांचं, ज्यांनी पुनरावृत्ती ही खरोखर विचार करायची पद्धत म्हणून वापरली. त्यांचं काम आणि ठेकेदारीनं उभा केलेला ढीग आज एकाच मथळ्याखाली, एकाच सुरात वाखाणले जातात.

म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. एक म्हणजे आवर्तन: तोच हात, तीच कृती, पुन्हा पुन्हा; आणि प्रत्येक फेरीत हात, कृती किंवा वस्तू यांपैकी काहीतरी झिजतं, साचतं, बदलतं. दुसरा गुणाकार: एक नग ठरला, आता असे इतके हवेत. दोन्हींत 'तेच ते' दिसतं, पण कलेच्या दृष्टीनं त्यांची जात वेगळी आहे. ओळखायची कसोटी सोपी आहे. त्यातला एक काढून पाहा. काय बिघडलं?

या कसोटीची सुरुवात श्यू बिंगपासून करावी लागते. १९८७ साली बीजिंगच्या मध्यवर्ती ललित कला अकादमीत त्यानं जो प्रबंध लिहिला त्याचा विषयच मुळी चित्राचं 'अनेक' असणं हा होता. त्यासोबतची वुडकटची मालिका आज त्याच्याच 'आकाशग्रंथा'च्या सावलीत हरवली आहे; माझ्या मते चिनी समकालीन कलेतला पुनरावृत्तीचा सगळा विचार तिथं बीजरूपानं आहे. लाकडी ब्लॉक असतो कशासाठी? एकसारख्या प्रती काढण्यासाठी. श्यू बिंगनं अजिबात न कोरलेल्या ब्लॉकचा पहिला छाप घेतला. सगळा काळा. मग थोडं कोरलं, छाप घेतला. आणखी कोरलं, पुन्हा छाप. हळूहळू आकृती वर आली, स्पष्ट झाली आणि कोरणं थांबलं नाही म्हणून विरळ होत गेली, अखेरीस सगळं लाकूड निघून जाऊन कोरा कागद उरला. हे सगळे छाप एकाच लांब पट्टीवर, ओळीनं. प्रत काढायच्या साधनातून त्यानं एकही प्रत काढली नाही. प्रत्येक छाप आधीच्या छापाचा ब्लॉक खाऊन जन्मला. यातला एक काढता येत नाही, कारण तो काढला तर पुढचा कुठून आला हे कळत नाही.

हे त्याला का सुचावं, याचं उत्तर त्याच्या पिढीच्या वयात आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात माओची छबी, माओची वचनं, भिंतीवरच्या घोषणा कोट्यवधींनी छापल्या गेल्या. विद्यापीठाच्या आवारात पुस्तकांत वाढलेला, मग १९७४ मध्ये डोंगरातल्या खेड्यात पाठवला गेलेला हा मुलगा शब्द किती वेळा उच्चारला की निर्जीव होतो, हे कानांनी शिकला होता. राज्यसत्ता स्वतःच गुणाकाराचं सर्वांत मोठं यंत्र होती. त्या यंत्राला उत्तर द्यायचं तर मौलिकतेच्या गप्पा मारून भागणार नव्हतं. उत्तर पुनरावृत्तीच्याच आत शिरून द्यायला हवं होतं.

'आकाशग्रंथ' ते उत्तर देतो. चार हजारांवर चिनी अक्षरं, एकही खरं नाही. सगळी स्वतः कल्पून, एकेक उलटी कोरून, जुन्या ग्रंथांच्या मांडणीत छापलेली. १९८८च्या ऑक्टोबरमध्ये बीजिंगच्या चायना आर्ट गॅलरीत ती छतापासून झोळीसारखी खाली आली, तेव्हा शिकलेसवरलेले लोक तासन्‌तास त्यात एखादं ओळखीचं अक्षर शोधत राहिले. इथंही चार हजार हा आकडा सगळे सांगतात. सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: सहज वाचता येईल असं एक जरी अक्षर त्यात राहिलं असतं, तरी सगळा डोलारा कोसळला असता. प्रत्येक अक्षरावर पूर्ण ग्रंथाचा भार आहे. कित्येक वर्षं एका माणसानं अर्थ नसलेल्या गोष्टीवर अर्थ असलेल्या गोष्टीइतकीच मेहनत घेतली, आणि त्या मेहनतीतूनच, घोषणांनी पोखरलेल्या लिपीला पुन्हा वजन आलं.

पण या धारेतली सर्वश्रेष्ठ कृती कोणती, असं विचारलं तर मी क्षणभरही न थांबता चिऊ झिजिएचं नाव घेईन. १९९० साली हांगचौच्या अकादमीत शिकत असताना त्यानं वांग शीझीची 'ऑर्किड मंडपाची प्रस्तावना' लिहायला घेतली. एकाच कागदावर. लिहून झाली की त्याच अक्षरांवर पुन्हा पहिल्यापासून. पन्नासेक वेळा लिहून होईतो कागद काळा झाला. तो लिहीतच राहिला. १९९५ पर्यंत, एक हजार वेळा.

चिनी वाचकाला सांगावं लागत नाही, पण आपल्याला आठवण करून घ्यायला हवी की ही प्रस्तावना म्हणजे चिनी सुलेखनाचं शिखर. इ. स. ३५३च्या वसंतात मित्रांची मैफल जमली, वाहत्या ओढ्यात मद्याचे प्याले सोडले गेले, कविता झाल्या, आणि त्या कवितांना वांग शीझीनं २८ ओळींची प्रस्तावना लिहिली. तिच्यात एकच अव्यय वीसेक वेळा येतं आणि दर वेळी त्याचं वळण वेगळं आहे. शतकानुशतकं रसिक त्याच गोष्टीवर माना डोलावत आले. मूळ हस्तलिखित मात्र नाही. तांग सम्राट ताइझुंगनं ते आपल्यासोबत थडग्यात नेलं, अशी आख्यायिका आहे. उरल्या त्या नकला. म्हणजे चिनी अक्षरकलेचं जे सर्वोच्च मूळ, ते नकलांमधूनच माहीत असलेलं. आणि प्रत्येक विद्यार्थी त्या नकलांची नक्कल करत हात घडवतो.

चिऊ झिजिएनं या साधनेचं फळ तेवढं काढून घेतलं. सुंदर अक्षर दिसण्याची शक्यता पन्नासाव्या फेरीला संपली. त्यानंतर उरलं ते नुसतं लिहिणं: मनगटाची चाल, श्वास, ओल्या शाईची कोरड्या शाईवर चढणारी साय. काळ्या कागदावर आपण काय लिहितो हे लिहिणाऱ्यालाही दिसत नाही. दिसतो तो हात. गवई पहाटे षड्ज लावतो तेव्हा कालच्या षड्जाची प्रत काढत नसतो. त्याच सुरात आज तो कुठं उभा आहे, हे त्याला कळत असतं. या हजार लेखनांचं तसं आहे. बंडखोरांनी त्यात परंपरेचा नाश पाहिला, परंपरावाद्यांनी परंपरेची परिसीमा. दोघांना आपापला पुरावा तिथं सापडतो, हेच त्या कृतीचं मोठेपण. आणि आपली कसोटी? सातशेबारावं लेखन काढून दाखवा. ते हजारांत मुरलेलं आहे. काढताच येत नाही.

या माणसाचा आपल्याशीही एक धागा आहे. २००६ मध्ये त्यानं ल्हासाहून काठमांडूकडे पायी प्रवास केला तो कुमाऊंच्या नैनसिंग रावतांच्या वाटेनं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी तिबेट चोरून मोजणाऱ्या या पंडितानं यात्रेकरूचं सोंग घेऊन, १०८ ऐवजी १०० मण्यांच्या माळेवर पावलं मोजली होती. पाऊल कायम एकाच लांबीचं पडावं असं शिक्षण त्याला दिलेलं होतं. चिऊ झिजिएनं तसंच मोजकं पाऊल पडावं म्हणून स्वतःच्या पायांत साखळी घातली. एकसारखं पाऊल कोणासाठी टाकलं जातं, जपासाठी की साम्राज्याच्या नकाशासाठी, हा प्रश्न त्या साखळीत आहे. पुनरावृत्तीवरचा इतका नेमका राजकीय विचार मला दीडशे टन चिनी मातीत सापडलेला नाही.

झांग पेइलीनं तो वेगळ्या टोकानं केला. १९८८ साली, चिनी व्हिडिओ कलेची सुरुवात मानल्या जाणाऱ्या '३० x ३०' या कामात तो त्या मापाचा आरसा फोडतो, तुकडे गोंदानं जोडतो, पुन्हा फोडतो, पुन्हा जोडतो. टेप संपेपर्यंत, तीन तास. अवांगार्द मंडळींच्या ज्या बैठकीत ती दाखवली तिथं जमलेल्यांनी काही वेळातच टेप पुढे पळवायला लावली, असं सांगतात. कंटाळा हे त्याचं हत्यार होतं. १९९१ मध्ये सरकारी वाहिनीची ख्यातनाम वृत्तनिवेदिका शिंग झिबिन हिच्याकडून त्यानं शब्दकोशातल्या 'पाणी' या नोंदी वाचून घेतल्या, बातम्यांच्या त्याच सुरात, त्याच निश्चल चेहऱ्यानं. रोज संध्याकाळी देशभर घुमणारा आवाज पहिल्यांदाच नुसता आवाज म्हणून ऐकू आला. इथं पुनरावृत्ती झिजवायचं काम करते आणि जे झिजायला हवं तेच झिजवते.

सोंग दोंग १९९५ पासून दगडावर पाण्यानं रोजनिशी लिहितो. लिहिलेलं वाळून जातं. लहानपणी कागद वाचावा म्हणून वडिलांनीच त्याला पाण्यानं अक्षरं गिरवायला सांगितलं होतं. १९९६ मध्ये ल्हासा नदीत बसून तो 'पाणी' हे अक्षर कोरलेला लाकडी शिक्का पाण्यावर मारत राहिला, तासभर. शिक्का ही मालकीची, हुकुमाची, राजमुद्रेची वस्तू. पाणी तिचा एकही छाप ठेवून घेत नाही. तिबेटात बसून केलेल्या या कृतीला वेगळं भाष्य लागत नाही. मग २००५ मध्ये, वडिलांच्या मृत्यूनं खचलेल्या आईला सोबत घेऊन, तिनं टंचाईच्या काळापासून जपून ठेवलेला सगळा संसार त्यानं मांडला: साबणाच्या वड्या, टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूब, बाटल्यांची बुचं, चपला, कापडाचे तुकडे. दहा हजारांहून अधिक वस्तू. होय, इथंही आकडा आहे. पण यातल्या प्रत्येक वस्तूवरून झाओ श्यांगयुआन या बाईचा हात फिरलेला आहे, आणि 'हे कधीतरी उपयोगी पडेल' हा निर्णय तिनं प्रत्येकीच्या बाबतीत स्वतंत्रपणे घेतलेला आहे. दहा हजार वस्तू म्हणजे दहा हजार निर्णय. तिनं मुलाच्या लग्नाआधी साठवलेली एक साबणाची वडी काढून पाहा; रेशनच्या काळातली एका आईची अख्खी भीती तिच्याबरोबर निघून जाईल.

लिन तियानमियाओबद्दल कमी लिहिलं जातं, आणि त्याचं कारण ती बाई आहे आणि तिचं माध्यम दोरा आहे, यापलीकडे मला दिसत नाही. 'दोरा गुंडाळण्याचा फैलाव' या १९९५च्या कामात एका पलंगावर हजारो सुया उभ्या आहेत. प्रत्येक सुईतून निघालेला दोरा जमिनीवरच्या गुंडीपर्यंत पोहोचतो. पुढच्या दोन वर्षांत तिनं घरातल्या शेकडो वस्तू, कढईपासून शिलाई मशीनपर्यंत, पांढऱ्या सुतानं गुंडाळून टाकल्या. लहानपणी आईला सूत गुंडाळू लागण्याचं काम तिच्याकडे होतं. बाईच्या हातचं न संपणारं, न मोजलं जाणारं काम इथं मोजायला भाग पाडतं. आणि ज्यांना हजारो एकसारख्या वस्तूंच्या ढिगासमोर उभं राहून 'श्रम' हा शब्द सुचतो, त्यांना या पलंगासमोर तो सुचत नाही.

दिंग यी १९८८ पासून शांघायमध्ये अधिकची आणि फुलीची खूण रंगवतो आहे. ही खूण छापखान्यात रंग जुळवायला वापरतात तीच. आधी पट्टीनं, मग मोकळ्या हातानं, मग चौकड्यांच्या तयार कापडावर, मग नव्या शांघायच्या निऑनला शोभतील अशा रंगांत. तीन दशकांवर एकच खूण आणि तरी शहराचा बदल तिच्यात वाचता येतो. काही वर्षांचे कॅनव्हास सजावटीच्या फार जवळ जातात, पण पुढच्या फेरीत तो सावरतो. आवर्तनाला ही सोय असते.

बाकीच्यांवर इतकी जागा खर्च करायचं कारण नाही. युए मिनजुनचं हसू पहिल्या काही चित्रांत गळा आवळणारं होतं. नंतर ते छाप झालं, आणि २००७ मध्ये लंडनच्या लिलावात त्याच्या 'एक्झिक्युशन'ला २९ लाख पौंडांवर किंमत आल्यावर छाप बदलायचं कारणही उरलं नाही. फांग लिजुनची टकली डोकी, वांग ग्वांगयीचे कामगार आणि कोका-कोला: एकदा कळलं की संपतं. झांग श्याओगांगच्या १९९३ नंतरच्या 'रक्तरेषा' चित्रांना मी यातून वगळलं असतं, कारण जुन्या कौटुंबिक फोटोंतल्या त्या एकसारख्या चेहऱ्यांवरचा डाग खरा आहे; पण तोच डाग किती वर्षं तिथंच ठेवायचा? साय ग्वो-चियांगचे काचेवर आदळणारे ९९ लांडगे ही दृश्ययोजना आहे, चांगली योजना, आणि तेवढीच. सुन युआन आणि पेंग यू यांचा रक्तासारखा द्रव पुन्हा पुन्हा आत ओढणारा यंत्रमानव बघून समाजमाध्यमांवर लाखो लोक गहिवरले. थकवा येऊच शकत नाही अशा हातावर इतकी करुणा खर्च झाली, याचं मला दुःख आहे.

आता मूळ वादाकडे येतो. गुणाकाराच्या बाजूनं जी साक्ष सर्रास काढली जाते ती परंपरेची. चीनमध्ये हे असंच असतं म्हणे. किन सम्राटाची मातीची फौज पाहा, लाकडी ठशांची छपाई पाहा, जिंगदजेनची चिनी माती पाहा. लोथार लेडरोज या जर्मन अभ्यासकाचं २०००चं पुस्तक प्रत्येक कॅटलॉगात हजेरी लावतं, न वाचता. लेडरोजनं दाखवलं ते याच्या उलट आहे. ठरावीक भागांच्या जुळणीतून चिनी कारागीर अफाट विविधता कशी निर्माण करत, हा त्याचा सिद्धांत. शियानच्या सैनिकांचे हात, डोकी साच्यांतून आली, पण कान, मिशा, अंबाडे हातांनी वेगळे झाले. शिवाय त्या सैनिकांवर मुकादमांची नावं कोरलेली सापडली आहेत, ऐंशीहून अधिक. ती कौतुकासाठी नव्हती. चूक झाली तर कोणाला धरायचं हे कळावं म्हणून होती. पण सम्राटाच्या थडग्यातही कामाला एक नाव चिकटलेलं होतं. परंपरा दाखवायची तर ती पूर्ण दाखवा.

जिंगदजेनबद्दलही तेच. १६३७च्या एका चिनी तंत्रग्रंथात म्हटलं आहे की मातीचा एक पेला पुरा व्हायला बहात्तर हातांतून जातो. श्रमविभागणी तिथं शतकांपासून आहे, हे खरंच. २०१० मध्ये टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये पसरलेल्या सूर्यफुलाच्या १० कोटी बिया त्याच गावच्या. सुमारे १,६०० कारागिरांनी, त्यांत पुष्कळ बायका, अडीच वर्षं एकेक बी हातानं रंगवली. एकूण वजन १५० टन. माओ सूर्य आणि जनता त्याच्याकडे वळणारी सूर्यफुलं, हा अर्थ आय वेईवेईनं स्वतः दिला. प्रत्येक बी वेगळी आहे, हेही सांगितलं. तत्त्वतः वेगळी असेल. बघणाऱ्याला ती वेगळी दिसावी अशी सोय त्या मांडणीत कुठं होती? उद्घाटनानंतर काही दिवसांतच धूळ उडते म्हणून त्यावर चालणं बंद झालं. उरला लांबून दिसणारा करडा पसारा. पुढच्या फेब्रुवारीत तशाच १०० किलो बिया लिलावात साडेतीन लाख पौंडांच्या आसपास गेल्या. किलोवर. जी वस्तू 'प्रत्येक बी वेगळी' म्हणून वाखाणली गेली, ती वजनावर विकली गेली, आणि यात कोणाला विसंगती दिसली नाही. एक बी काढून पाहा. काहीही होत नाही. त्या १,६०० जणांचं काय? तेही आपल्यापर्यंत येतात ते संख्या म्हणूनच.

आय वेईवेईचा मी विरोधक आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. उलट माझा सगळ्यात बळकट साक्षीदार तोच आहे. १२ मे २००८च्या भूकंपात सिच्वानमधल्या ढिसाळ बांधलेल्या शाळा मुलांवर कोसळल्या. सरकार नावं देईना. तेव्हा त्यानं स्वयंसेवक पाठवले. त्यांनी गावोगावी, घरोघरी जाऊन, पोलिसांचा त्रास सोसून, पाच हजारांवर मुलांची यादी केली: नाव, जन्मतारीख, शाळा, वर्ग. ती यादी भिंतभर लावली गेली. त्या भिंतीसमोरही आपण संख्येनंच दबतो, पण क्षणभरच. मग डोळा एका ओळीवर थांबतो आणि तिथं एक मूल असतं. एक ओळ काढून पाहा. ती काढायची हिंमत होणार नाही, कारण ती काढणं म्हणजे तेच करणं जे सरकार करत होतं.

आणि त्याच शाळांच्या ढिगाऱ्यांतून भंगारात गेलेल्या वाकड्या सळ्या त्यानं विकत घेतल्या, कामगारांकडून हातोड्यानं ठोकून एकेक सरळ केल्या. तेही १५० टन. बियाही १५० टन, सळ्याही १५० टन. एकच कलावंत, तीच वर्षं, कारागिरांची तशीच फौज, काट्यावर तेवढंच वजन. एका ठिकाणी वजन म्हणजे देखावा, दुसऱ्या ठिकाणी पुरावा. एका ठिकाणी बी कोणाचीच नाही; दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक सळी कुठल्यातरी वर्गाच्या छतात होती आणि प्रत्येक सळीला पुन्हा सरळ होईतो मार खावा लागला. याहून चांगली तुलना कोणाला मुद्दाम रचूनही दाखवता आली नसती. तरीही जगात जास्त गाजल्या त्या बियाच. यावरून बियांची थोरवी सिद्ध होत नाही. आपल्या नजरेची सवय सिद्ध होते.

लेगोचंही असंच झालं. २०१४ मध्ये अल्कट्राझच्या जुन्या तुरुंगात त्यानं त्याच ठोकळ्यांतून १७६ जणांचे चेहरे जमिनीवर मांडले होते, विचारांसाठी तुरुंगात गेलेल्या किंवा परागंदा झालेल्यांचे. ठोकळा हे तिथं ओबडधोबड, कमी तपशिलाचं माध्यम होतं आणि ते शोभत होतं, कारण तुरुंगातल्या माणसाचा चेहरा बाहेरच्यांना तसाच अस्पष्ट आठवतो. १७६ जणांपैकी एकाला वगळलं असतं तर तो पुन्हा एकदा गायब झाला असता. नऊ वर्षांनी तेच माध्यम मोनेवर आलं, आणि मग एकेका अभिजात चित्राची लेगोआवृत्ती निघत राहिली. जे साक्ष देत होतं ते सफाई दाखवू लागलं. ती काळी चौकट सोडली, तर कुठलाही ठोकळा कुठंही बसवा.

'पण चीनची लोकसंख्याच एवढी, तिथं समूह हाच अनुभव' हे आणखी एक ठेवणीतलं उत्तर. ते उदार दिसतं. त्यात तुच्छता आहे. चिनी माणूस गर्दीचा भाग म्हणूनच कळतो, हे गृहीत धरल्याशिवाय ते देता येत नाही. बीजिंगमधल्या सत्तेला आणि न्यूयॉर्कमधल्या क्युरेटरला हे गृहीतक सारखंच सोयीचं आहे. शेनझेनमधल्या दाफेन गावात १९८९ पासून जगासाठी व्हॅन गॉगच्या नकला रंगवल्या जातात. त्या चित्रकारांनाही 'चिनी नक्कल' या एका शब्दात गुंडाळलं जातं. २००५च्या ग्वांगचौ त्रैवार्षिकीत ल्यू दिंगनं त्यांना प्रेक्षकांसमोर बसवून रंगवायला लावलं, तेव्हा सगळे उत्पादनव्यवस्थेवर बोलले, रंगवणाऱ्यांशी क्वचितच कोणी.

उलट वाटेनं जाणाराही एक आहे, आणि तो तरुण पिढीतला असल्यानं मला आशा वाटते. २०१२ मध्ये ली ल्याओ शेनझेनच्या फॉक्सकॉन कारखान्यात कामगार म्हणून भरती झाला. ४५ दिवस तो आयपॅड मिनीच्या साखळीवर उभा राहिला आणि त्या पगारातून एक आयपॅड मिनी विकत घेतला. प्रदर्शनात ठेवला तो गणवेश, ओळखपत्र, करार आणि तो आयपॅड. पृथ्वीवरच्या सर्वांत प्रचंड गुणाकाराच्या यंत्रात शिरून त्यानं बाहेर काय आणलं? एक. एका माणसाचे ४५ दिवस आणि एक वस्तू, समोरासमोर. कोट्यवधी नगांचा हिशेब ज्या एका ओळीवर उभा असतो, ती ओळ त्यानं उघडून दाखवली. याला मी पुनरावृत्तीची कला म्हणतो. ढीग घालायला पैसा लागतो. ढिगातून एक वेगळा करायला विचार लागतो.

माझी मागणी साधी आहे आणि ती कलावंतांपेक्षा त्यांना मांडणाऱ्यांकडे, त्यांच्यावर लिहिणाऱ्यांकडे आहे. संख्या सांगायची असेल तर सांगा, पण तिच्या शेजारी हेही सांगा की त्यातल्या एकाचं काय झालं: तो कोणी केला, करताना त्या हाताचं काय झालं, तो नसता तर काय हरवलं असतं. याचं उत्तर देता येत नसेल, तर ती कृती कितीही टनांची असो, तिला शोभेची मालमत्ता म्हणा आणि पुढे चला. ज्या देशात गेल्या शतकात माणसांची मोजदाद वारंवार टक्क्यांत आणि कोट्यांत झाली, त्या देशाच्या कलेला आपण पुन्हा तशाच मापानं मोजणार असू, तर आपण त्या मोजणाऱ्यांच्याच बाजूला उभे आहोत. श्यू बिंग, चिऊ झिजिए, झांग पेइली, सोंग दोंग, लिन तियानमियाओ यांनी आयुष्याची वर्षं खर्चून एकच गोष्ट शिकवली: 'तेच ते' करतानाही दर वेळचा एक वेगळा जपता येतो. हे शिकायचं सोडून बियांचं वजन पाठ करणारी समीक्षा ही समीक्षाच नव्हे.